सव्वादोन लाखांचा हेडलेस बेस घ्यावा का?

हेडलेस बेस म्हणजे दांडीच्या टोकाला खुंट्यांचं डोकं (हेडस्टॉक) नसलेली बेस गिटार. खांदा दुखतो किंवा प्रवास फार होतो म्हणून घेत असाल तर घ्या. आवाज सुधारेल या आशेवर घेत असाल तर थांबा, ते पैसे दुसरीकडे लावलेले बरे. आणि कारण कुठलंही असो, पट्टा गळ्यात अडकवून, उभं राहून अर्धा तास वाजवल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

तुम्ही लिहिलंय की नाशकात राहता, चार वर्षं चार तारांचा साधा बेस वाजवताय, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि मित्रांच्या बँडमध्ये. आता बोनस हातात आलाय, बाहेरच्या कंपनीचा पाच तारांचा हेडलेस सव्वादोन लाखांना पडतोय, पण गावात कुठे तो हातात धरूनसुद्धा बघता येत नाही. शिवाय जुना विकावा का, हेही विचारलंय. मी इथल्याच कार्यक्रमांत बेस वाजवतो आणि माझ्याकडे हेडलेस आहे, म्हणून लिहितो.

आधी वजनाचं बोलू, कारण खरा फायदा तिथेच आहे. साधा बेस चार ते साडेचार किलोंचा असतो. पण खांद्याला त्रास नुसत्या किलोंचा होत नाही. लांब नेकच्या, म्हणजे दांडीच्या, पार टोकाला हेडस्टॉक आणि त्यावर लोखंडी खुंट्या, त्यामुळे बेस डावीकडे खाली झुकतो. तो झुकू नये म्हणून आपण नकळत डाव्या हाताने नेक उचलून धरतो. ज्या हाताने वाजवायचं त्यालाच हमाली! हळदीचा कार्यक्रम चार तास चालला की मान, खांदा, मनगट तिन्ही बोलायला लागतात. हेडलेसमध्ये खुंट्या ब्रिजजवळ, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथे, येतात, टोकाचा भार जातो, वजनही बहुधा तीन-साडेतीन किलोंवर येतं आणि बेस ठेवाल त्या कोनात राहतो. माझ्यासाठी एवढं एकच कारण पुरेसं होतं.

यात एक मेख आहे, ती जाहिरातीतल्या फोटोत दिसत नाही. साध्या बेसच्या बॉडीचं पुढे आलेलं वरचं शिंग साधारण बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या आडव्या पट्टीपर्यंत) येतं आणि पट्ट्याचं बटण त्या टोकाला असतं. काही हेडलेस बेसची बॉडी इतकी छोटी असते की हे बटण बरंच मागे सरकतं. मग अख्खा बेस तुमच्या डावीकडे जातो आणि पहिला फ्रेट लांब पडतो. तिथला एफ हा सूर वाजवताना हात पूर्ण ताणावा लागतो. बसून वाजवताना हे कळतच नाही, म्हणून दुकानात स्टुलावर बसून घेतलेली ट्रायल मी धरत नाही. वाद्य बनवणारे नेड स्टाइनबर्गर यांनी १९८०च्या सुमारास एल-२ हा हेडलेस बेस आणला, त्याची बॉडी चौकोनी फळीएवढीच होती. पट्ट्यासाठी त्यांना मागे फिरणारी वेगळी पट्टी लावावी लागली आणि मांडीवर टेकवायला घडीचा आधार द्यावा लागला. त्या काळात गेडी ली, स्टिंग या बेसवादकांच्या हातात तो दिसला आणि बघता बघता फॅशन झाली. आजच्या मॉडेलांना शिंगं असतात, पण कुणाची लांब, कुणाची नावापुरती. फोटोत बटण कितव्या फ्रेटच्या रेषेत येतं ते मोजा. हे मात्र घरबसल्या जमतं.

आता आवाज. हेडस्टॉक गेल्याने काहीच बदलत नाही असं नाही. जवळपास प्रत्येक बेसवर एखादी मेलेली जागा असते, बहुतेकदा सर्वांत बारीक ‘जी’ (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास, जिथे सूर लवकर विझतो. नेकचं टोक हलकं झालं की ही जागा सरकते किंवा कमी जाणवते. पण ऑर्केस्ट्रातल्या कुणाला हे ऐकू जाणार आहे? आवाज ठरतो तो बोटांनी, तारांनी, तारांची कंपनं पकडणाऱ्या पिकअपने आणि शेवटी स्पीकरने. पाचवी तार, खालची बी, सुमारे ३१ हर्ट्‌झवर असते. चार तारांची सर्वांत खालची ई ४१वर. लहान कॉम्बो अँपमधून (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) ३१चा मूळ सूर निघतच नाही, वरचे अंश तेवढे ऐकू येतात. गंगापूर रोडच्या लॉन्सवर तर साउंडवाला खालच्या सुरांची पट्टी सरळ कापून टाकतो, कारण त्याला ढोलाची भीती असते. सव्वादोन लाखांची बी तार आणि मिक्सरवर तिचं बटण शून्यावर, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्याकडे अजून बेस मिक्सरला जोडणारा चांगला डीआय बॉक्स नसेल आणि घरी सरावाला धड स्पीकर नसेल, तर आधी ते घ्या. उरलेल्या पैशांत जुन्या बेसला नवे पिकअप आणि नीट सेटअप करून बघा.

प्रवासाबद्दल एक गैरसमज दूर करतो. साधा बेस ११५ सेंटिमीटरच्या पुढे जातो, हेडलेस बराचसा ९० ते १०० मध्ये बसतो. पंचवटी एक्स्प्रेसच्या रॅकवर तो आडवा मावतो, बाइकवर पाठीला लावला तर डोक्याच्या वर जात नाही, रिक्षात मांडीवर राहतो. विमानात मात्र केबिन बॅगेची लांबी ५५ सेंटिमीटरच असते. ओझरच्या विमानतळावरून विमान पकडताना नियमाने तो आत नेता येतो असं समजू नका. काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर सगळं.

देखभालीचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपण नाशकात राहतो. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि हवा कोरडी असते. जुलैत गोदावरी चढते तेव्हा कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात. लाकडी नेक दोन्हीकडे वाकतो, हेडलेस असला तरी वाकतोच. ज्याच्या नेकमध्ये कार्बन किंवा ग्राफाइटच्या सळ्या आहेत, किंवा भाजलेलं मेपलचं लाकूड आहे, तो कमी हलतो. ऑर्डर करण्याआधी हे नक्की विचारा. ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी आतली सळई) पाव फेरा फिरवणं, ॲक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची बघणं हे तुम्हाला स्वतःला आलं पाहिजे. ट्युनिंगचे नॉब ब्रिजवर असतात, ताण सगळा त्यांच्या आट्यांवर येतो. घाम आणि धूळ बसली की ते इतके जड होतात की बोटं सोलतात. अधूनमधून आटे पुसून किंचित ग्रीस लावायचं. यातला एखादा भाग बिघडला, तर साध्या बेसची खुंटी मिळते तसा तो कॉलेज रोडला मिळणार नाही. कंपनीकडून मागवायचा आणि वाट बघायची.

तारांचंही तेच. जुन्या स्टाइनबर्गर पद्धतीच्या बेसला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा लागतात, त्या दरवेळी बाहेरून मागवाव्या लागतील. स्ट्रँडबर्ग कंपनीच्या बेसला किंवा आयबानेझ कंपनीच्या ईएचबी मालिकेला साध्या तारा चालतात, नेकच्या टोकाला त्या स्क्रूने आवळतात. स्क्रू घट्ट झाल्यावरच जादा टोक कापायचं. आधी कापलं तर वरचं वेटोळं सुटतं आणि तार मेली. स्क्रू फिरवायची षटकोनी ॲलन की बॅगेत कायम ठेवा. आणि हो, सूर जुळवायचा क्लिपचा ट्युनर लावायला जागाच नसते, नेकला धरणारा स्टँडही उपयोगाचा नाही. पायाने दाबायचा पॅडलचा ट्युनर आणि बॉडी टेकवायचा स्टँड, हा खर्च धरा.

बाहेरून मागवताना वेबसाइटवरची किंमत ही किंमत नसते. पाठवणीचा खर्च मिळवून त्यावर सीमाशुल्क, त्यावर जीएसटी, वर कुरिअरवाल्याची वेगळी फी. तुमचे सव्वादोन लाख हे सगळं धरून आहेत का, ते तपासा. आणि बेस आवडला नाही तर परत पाठवणं जवळपास अशक्यच.

तुमच्या जागी मी असतो तर एक रविवार मोकळा ठेवून सकाळची पंचवटी पकडली असती. सीएसएमटीला उतरून धोबी तलावला चालत जाता येतं, तिथे फुर्टाडोजचं वाद्यांचं जुनं दुकान आहे. रविवारी उघडं असतं का आणि कुठला हेडलेस हजर आहे का, हे आधी फोनवर विचारा. पुण्या-मुंबईच्या बेसवाल्यांच्या ग्रुपवरही विचारा. चहा पाजला तर आपला बेस अर्धा तास हातात देणारे लोक आहेत. २०२० मध्ये आलेल्या ईएचबीपैकी एखादा वापरलेला मिळाला तर उत्तमच. आकाराशी जमतं का ते वर्षभरात कळेल आणि तो विकताना फार तोटा होणार नाही. महागडा बेस विकायला मात्र नाशकात गिऱ्हाईक सापडणं अवघड, पुणे किंवा बेंगळुरूच गाठावं लागेल.

जुना बेस विकू नका. त्याचे दहा-बारा हजार आले तरी सव्वादोन लाखांत त्याने काय फरक पडणार? हेडलेसचा नॉब अडकला किंवा लॉकचा स्क्रू हरवला, तर त्या रात्रीचा कार्यक्रम जुन्यावरच करावा लागेल. पावसात उघड्या स्टेजवर वाजवायचं असेल, तेव्हाही तोच न्या.