थारला मोठे टायर, लिफ्ट आणि टपावर रॅक लावल्यावर अ‍ॅव्हरेज किती कमी होतं?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: महिंद्राची डिझेल थार, कंपनीचे टायर 245/75 आर16. त्यांच्या जागी 265/75 आर16 चे ए.टी. (ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींचे) टायर, दोन इंची लिफ्ट (सस्पेन्शन वाढवून गाडी उंच करणं) आणि टपावर रॅक लावायचा विचार आहे. गॅरेजवाला म्हणतो, एखादा किलोमीटर जाईल. मित्र म्हणतो, पाच जातील. दोघंही खरं बोलत असतील. दोघं एकाच वेगाने गाडी चालवत नसतील, एवढंच.

माझ्याकडे हीच गाडी आहे, हेच टायर आहेत. टप रिकामा, वेग 80-85 आणि हवा बरोबर असेल तर लिटरमागे एक ते दीड किलोमीटर कमी पडतं. तीच गाडी टपावर सामान बांधून 110 ने पळवली की तीन किलोमीटर सहज जातात. लिफ्ट मी केलेली नाही, त्याबद्दल खाली लिहितो.

पण डिझेलचा हिशोब करण्याआधी मीटरचा हिशोब करा, कारण निम्मी रडारड तिथेच संपते. जुन्या टायरचा व्यास 774 मिमी, नव्याचा 804. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे 3.9 टक्के जास्त पुढे जाते, पण मीटर बिचारा जुन्याच चाकाचे फेरे मोजत बसतो. मीटरवर 500 किलोमीटर दिसले तेव्हा रस्त्यावर 519 झालेले असतात. 45 लिटर भरलं असेल तर मीटरच्या हिशोबाने 11.1 आणि खऱ्या हिशोबाने 11.5. हा जो अर्धा किलोमीटर ‘गेला’ म्हणून आपण हळहळतो, तो कुठे गेलेलाच नसतो. 285/75 टाकणाऱ्यांच्या बाबतीत हा फरक पावणेआठ टक्क्यांवर जातो. त्यांनी मीटरवरचा आकडा दुरुस्त न करता कितीही अ‍ॅव्हरेज सांगितलं तरी मनावर घेऊ नका.

त्यामुळे मोजायचं ते फुल टू फुल, म्हणजे टाकी पूर्ण भरायची, चालवायची आणि पुन्हा पूर्ण भरून किती लिटर लागलं ते बघायचं. एकच पंप, शक्यतो तेच मशीन, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथे थांबायचं, आणि अंतर मोबाइलच्या जीपीएसवर. डॅशबोर्डवरचा आकडा आज आणि काल यांची तुलना करायला ठीक आहे, वाद घालायला नाही. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, चार-पाच भरू द्या.

आता खरं नुकसान. हायवेवर सगळ्यात मोठा चोर वारा. आजच्या साध्या सेडानचा ड्रॅग कोएफिशंट (गाडीचा आकार हवेला किती अडतो त्याचा आकडा) 0.3 च्या आसपास असतो, जीप रँग्लरचा 0.45 च्या घरात. थारची उभी काच आणि चौकोनी चेहरा पाहिला की ती कोणाच्या पंगतीत बसणार हे वेगळं सांगायला नको. त्यात हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 वरून 110 वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट, आणि समृद्धीवर कायदेशीर 120 ने गेलात तर सव्वादोन पट. पुणे ते नाशिक जुन्या रस्त्याने ट्रकच्या मागे रखडत गेलेल्या थारचं अ‍ॅव्हरेज समृद्धीवर सुसाट गेलेल्या थारपेक्षा चांगलं येतं, यात काहीच आश्चर्य नाही.

रॅक ही या वाऱ्याला दिलेली पर्वणी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे साध्या गाड्यांचे आहेत: टपावर मोठी पेटी बसवली तर शहरात 2 ते 8 टक्के, महामार्गावर 6 ते 17, आणि ताशी 105 ते 120 च्या वेगाला 10 ते 25 टक्के अ‍ॅव्हरेज जातं. तुम्ही टायरच्या नावाने बोटं मोडाल आणि गुन्हेगार वर बसलेला असेल.

टायरमध्ये आकारापेक्षा जात महत्त्वाची. ए.टी. चे ठोकळे थोडे बारीक आणि जवळजवळ असतात, एम.टी. (मड टेरेन, चिखलाचे) टायरचे मोठे आणि विरळ. प्रत्येक ठोकळा रस्त्यावर दाबला जातो, सुटतो, गरम होतो. ती उष्णता तुमच्या डिझेलमधूनच येते. शिवाय एम.टी. टायर जड. चाकाचं वजन नुसतं वाहून न्यायचं नसतं, प्रत्येक सिग्नलनंतर ते फिरवायला लागतं, म्हणून शहरात फटका जास्त जाणवतो. आठवड्यातले सहा दिवस गाडी ऑफिसला जाणार असेल तर एम.टी. घेऊ नका. पावसाळ्यात मावळातल्या लाल चिखलात त्याला तोड नाही हे मान्य, पण तो चिखल वर्षात किती दिवस भेटतो?

हवेचं म्हणाल तर, जाड बांध्याच्या एल.टी. (लाइट ट्रक) टायरला तेवढंच वजन उचलायला कंपनीच्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दारावरच्या स्टिकरचा आकडा त्या जुन्या टायरसाठी आहे. टायर कंपनीचा लोड तक्ता (किती वजनाला किती हवा) पाहा. आणि चिखल-वाळूसाठी हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवली असेल तर डांबरी लागताच भरा. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर ही माझ्या मते विंचच्या (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या यंत्राच्या) आधी घ्यायची वस्तू. कमी हवेत 90 ने पळवलेला टायर डिझेल तर खातोच, पण तापून फुटू शकतो.

वजनाची लोकांना उगाच जास्त भीती वाटते. स्टील बंपर आणि विंच मिळून 100 किलो धरा. खोपोलीहून लोणावळ्याला साधारण 550 मीटर चढ आहे. 100 किलो तेवढं वर न्यायला, इंजिनाची कार्यक्षमता 30 टक्के धरली तर सुमारे 50 मिली डिझेल लागतं, म्हणजे कटिंग चहापेक्षाही कमी. शहरात थांबत-निघत चालवताना वजन जास्त जाणवतं, तरी अमेरिकेच्या त्याच ऊर्जा खात्याच्या मते साधारण 45 किलोमागे एक टक्का. तेव्हा टूलबॉक्स आणि दोरखंड घरी ठेवून फार काही वाचणार नाही.

लिफ्टचा थेट परिणाम लहान आहे. गाडीखालून जास्त वारा वाहतो, बस्स. आडून मात्र नुकसान होऊ शकतं. या थारचं पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे (दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात), उंची वाढली की अ‍ॅक्सल शाफ्टचे कोन आणि चाकांचं अलाइनमेंट बदलतं. टो (चाकांची पुढची कड किती आत-बाहेर वळलेली आहे तो कोन) बिघडलेली चाकं रस्त्यावर घासत चालतात. अ‍ॅव्हरेज अचानक पडलं आणि टायर एका कडेने झिजायला लागले, तर लिफ्टला दोष न देता अलाइनमेंट करणाऱ्याकडे जा. 265/75 साठी लिफ्ट लागेलच असं नाही. आधी टायर बसवा, स्टिअरिंग पूर्ण वळवून कुठे घासतंय का बघा.

मोठ्या चाकाने गिअरिंगही थोडं लांब होतं, म्हणजे त्याच गिअरमध्ये ओढ कमी पडते. 300 न्यूटन-मीटरच्या डिझेलला सपाटीवर ते कळत नाही, घाटात एक गिअर आधी उतरावा लागतो. मारुती जिम्नीवाल्यांचं दुखणं वेगळं. 134 न्यूटन-मीटरच्या पेट्रोल इंजिनाला मोठे टायर लावले की ते प्रत्येक चढाला तिसऱ्यावर ओरडतं. तिथे गिअरचं गुणोत्तर बदलल्याशिवाय पिकअपही नाही आणि अ‍ॅव्हरेजही नाही. पेट्रोलवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा साध्या पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असते. टायर आणि हे पेट्रोल एकाच वर्षी आलं असेल तर सगळं टायरच्या माथी मारू नका.

हे सगळं रस्त्यावरचं. 4एल मध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्ये) शिरलात की किलोमीटर विसरा आणि तास मोजा. ताशी आठ-दहाच्या वेगाने दगडांतून जाताना लिटरला दोन-तीन किलोमीटर मिळाले तरी त्यात काही बिघाड नाही, मूळ टायरवरही तेच होतं. लडाखला जाणार असाल तर हे गणित कामाचं आहे. मनालीहून निघाल्यावर टांडीच्या पंपावरची ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. तुमच्या नव्या टायरवर तेवढं अंतर मीटर 351 दाखवेल. 57 लिटरची टाकी त्याला पुरते, पण वाटेत आडवळणं घ्यायची असतील तर टाकी खऱ्या किलोमीटरवर मोजा.

पुढे बुल बार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) लावायचा मोह झाला तर आवरा. डिसेंबर 2017 मध्येच केंद्रीय मंत्रालयाने त्यावर कारवाईचे आदेश दिलेत. बाकीच्या बदलांनाही मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येऊ शकतं, त्यामुळे टायरचा आकार ठरवण्याआधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर आधी फक्त टायर बदलले असते, चार टाक्या मोजल्या असत्या, आणि गाडीचं पोट खरंच कुठे टेकतंय असं दिसलं तरच लिफ्टकडे वळलो असतो. रॅक घ्यायचाच तर नटबोल्टचा, अर्ध्या तासात निघणारा घ्या आणि भटकंतीहून परतलात की उतरवून पार्किंगच्या भिंतीला टेकवून ठेवा. वेल्ड केलेला फुकट मिळाला तरी नको.