घाण्यावरचं शेंगतेल आणि करडीचं तेल घरी मिसळलं तर जास्त टिकतं का? प्रमाण काय ठेवावं?

कशापेक्षा जास्त, ते आधी ठरवा. नुसत्या करडीपेक्षा टिकेल. नुसत्या शेंगतेलापेक्षा लवकर खवट होईल. करडीत लिनोलिक आम्ल (हवेने लवकर बिघडणारं स्निग्धाम्ल) ७५% च्या आसपास, शेंगतेलात साधारण ३०%, आणि ओलिक या टिकाऊ स्निग्धाम्लापेक्षा लिनोलिकचं ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने बिघडणं, दहापट तरी वेगाने होतं. ७० शेंग, ३० करडी केलंत की लिनोलिक ४३-४४% वर गेलं. तरी "मिसळलेलं तेल वर्षभर हलत नाही" असं सांगलीत छातीठोकपणे सांगणारे आहेतच.

खरी माती होते ती डब्यात. आमच्या सासरेबुवांचा तासगावचा डबा बघा: तळाला वाटीभर जुनं तेल, त्यावर ताजं ओतलेलं, तोटी पितळी, तोंडाशी बोटाला चिकटणारा पिवळट थर. करडीचं तेल हवेवर वाळतं, म्हणून तर ते रंग-रोगणात चालतं. जुन्या तेलात ऑक्सिडेशनने तयार झालेले पेरॉक्साइड ताज्याला विरजणासारखे लागतात आणि पितळेतलं तांबं या बिघाडाला घाई करतं. डबा घासायचा नाही आणि घाणेवाल्याने भेसळ केली म्हणून बोंब मारायची!

घाण्याचं तेल चार-पाच दिवस निवळू द्या, वरचं तेवढं फडक्यातून गाळा, गाळ टाकून द्या. भांडं स्टीलचं आणि कोरडं ठणठणीत हवं. दोन्हींची घनता जवळपास सारखी, तेव्हा लिटरने मापलं तरी चालतं. पळीने सावकाश ढवळा. घुसळलंत तर हवा आत जाते. पंधरा दिवसांपुरतंच मिसळा, बाकीचं वेगवेगळं, गळ्यापर्यंत भरून अंधारात ठेवा. मी ६० शेंग, २० करडी, २० तीळ सांगेन. तिळातलं सेसमोलिन तापल्यावर सेसमॉल होतं, ते तेलाला सावरतं. तळणीला मात्र करडी घालूच नका.

पोषणाचं म्हणाल तर या तिन्हींत ओमेगा-३ नावालाच. त्यासाठी जवसाची चटणी खा. जवसाचं तेल फोडणीत जाळू नका.

हे घरापुरतं. विकायचं असेल तर दोनच तेलं, प्रत्येक वजनाने किमान २०%, आणि सीलबंद पॅकिंग लागतं. आणि हो, करडी हाय-ओलिक (ओलिक जास्त, लिनोलिक कमी) वाणाची असेल तर वरचं टिकण्याचं गणित उलटं होतं; बियाण्याचं वाण विचारून घ्या.