बहावा मोहरतो की बहरतो?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आजीच्या वर्षश्राद्धाला त्यांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विद्यापीठाच्या आवारातल्या बहाव्याचा फोटो टाकला आणि खाली आजीचं दर उन्हाळ्यातलं वाक्य लिहिलं: ‘बहावा मोहोरला, कोकिळा बोलायला लागली, आता पोरं येतील.’ आजी मुळशीकडच्या. पोरं म्हणजे पुण्यामुंबईची नातवंडं, मे महिन्याच्या सुट्टीत यायची. त्यावर एका काकांनी लगेच दुरुस्तीपत्रक काढलं. मोहोर फक्त आंब्याला येतो, बहावा बहरतो. गातो तो नर, म्हणून कोकीळ म्हणा. आणि पक्षी बोलत नसतात. ताईंनी एवढंच विचारलंय, की आजी आयुष्यभर चुकीचं बोलत होती का?

अजिबात नाही. पण काकांचं एका बाबतीत अर्धं बरोबर आहे, ते आधी त्यांच्या पदरात टाकतो.

मोहोर हे नाम खरंच निवडक आहे. संस्कृतातल्या कळीवाचक ‘मुकुल’शी त्याचं नातं लावतात, हिंदीतला आंब्याचा ‘बौर’ही त्याच घरातला. मराठीत आंब्याला मोहोर येतो, काजूला येतो, जांभळाला येतो, कडुनिंबाला येतो. पाडव्याच्या सकाळी गुळाबरोबर खातो तो कडुनिंबाचा मोहोरच, त्यामुळे ‘फक्त आंब्याला’ तिथेच गळून पडतं. मात्र वाटेल त्या झाडाला तो येत नाही हेही खरं. उसाला तुरा येतो, तूर-हरभरा फुलोऱ्यात येतो, नारळ-सुपारीला पोय येते, केळीला केळफूल, कपाशीला पाते. भात आधी पोटरीला येतं आणि मग निसवतं. फणसाला थेट कुयऱ्याच लागतात. ज्या झाडाशी पोटाचा संबंध, त्याच्या फुलण्याला आपल्या लोकांनी स्वतंत्र शब्द दिला. बहाव्याचा पोटाशी तसा संबंध नाही (आयुर्वेदात त्याच्या शेंगेतला गर सारक म्हणून देतात, तेवढाच काय तो पोटाशी संबंध). त्यामुळे ‘बहाव्याला मोहोर आला’ असं कोणी म्हटलं तर माझाही कान जरा अडखळतो. बहाव्याला घोस येतात, लांबच लांब, खाली लोंबणारे.

पण आजी तसं म्हणाल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, ‘बहावा मोहरला.’ इथे नाम नाही, क्रियापद आहे, आणि मराठीत नामापासून झालेलं क्रियापद बऱ्याचदा बापाचं घर सोडून हिंडतं. पालवी झाडाला फुटते, पण मन पालवतं. अंकुर बीला फुटतो, आशा अंकुरते. तसंच अंग मोहरतं, मन मोहरून जातं, आणि तिथे आंब्याचं पानसुद्धा नसतं. ‘तिचं अंग मोहरलं’ या वाक्याला आजवर कोणी ‘मोहोर फक्त आंब्याला’ म्हणून हरकत घेतलेली मी ऐकली नाही. माणसाला चालतं ते बहाव्याला का नाही?

तरी ‘मोहरणं’ कुठेही चालतं असं नाही. ‘मोगरा मोहरला’ म्हणून पाहा. चुकल्यासारखं वाटतं. ‘चाफा मोहरला’, तेही नाही. मोगरा फुलतो, कारण तो कळीकळीनं उमलतो, आपण एकेक फूल वेचतो. मोहरतं ते सगळंच्या सगळं झाड. आंब्याच्या शेंड्याशेंड्यांवर तुरे येतात आणि लांबून झाडाचा रंगच बदललेला दिसतो. वेताळ टेकडीवर उन्हाळ्यात पांढऱ्या झुपक्यांनी भरलेला कुडा ‘मोहरला’ म्हटलं तर शोभतं. बहावा तर या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास होतो. एप्रिलमध्ये त्याची पानं जवळजवळ सगळी झडलेली असतात, आणि मग फांदी न् फांदी पिवळी होते. फूल बघायला जवळ जावं लागत नाही, झाडच येऊन डोळ्यांवर आदळतं.

शहरानंही आजींच्याच बाजूनं कौल दिलाय. मे महिन्यात पुण्याच्या रस्त्यांवर काय फुलतं? गुलमोहर आणि सोनमोहर. थोडा आधी नीलमोहर. तिन्ही परदेशी झाडं: गुलमोहर मादागास्करचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला, सोनमोहर आग्नेय आशियाकडचा. ‘गुलमोहर’ या नावातलं ‘गुल’ फारसी, म्हणजे फूल, यात शंका नाही. पुढचं ‘मोहर’ आपलं की फारसी मुहर, यावर दोन मतं आहेत. ती असू द्यात. मराठी कानानं त्यात झाडाचा मोहोरच ऐकला, म्हणून तर निळं झाड आल्यावर नीलमोहर आणि पिवळं आल्यावर सोनमोहर अशी नावं जुळली. यातल्या एकालाही कैरी लागत नाही.

आणि आजी मुळशीच्या, म्हणजे आंबेमोहोर तांदळाच्या मुलखातल्या. आंब्याच्या मोहोरासारखा वास म्हणून ते नाव. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकनही आहे. आता काकांना विचारा, मोहोर जर फक्त आंब्याचाच असतो, तर नाव ठेवणाऱ्यानं पुढे ‘आंबे’ कशाला जोडलं? नुसतं ‘मोहोर’ म्हणाला असता. युक्तिवाद थोडा वकिली आहे, कबूल. पण घरच्या ग्रुपवर पुरतो.

आता ‘बहर’. काकांना तो जास्त शुद्ध वाटतो आहे असा माझा अंदाज. हा शब्द फारसी ‘बहार’वरून आलाय, अर्थ वसंत ऋतू. आपण तो पूर्ण आपलासा केलाय, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण मराठीत बहराचं मुख्य काम फुलांचं नाहीये. सासवडच्या आमच्या चुलत्यांना ‘बहर’ म्हटलं की डोळ्यांपुढे फुलं येत नाहीत, पाण्याची पाळी येते. डाळिंब-संत्र्याचे तीन बहर: आंबे बहर, मृग बहर, हस्त बहर. बहर ‘धरतात’. म्हणजे बागेचं पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ होऊ द्यायची, मग खतपाणी सुरू करायचं, की झाड एकदम फुलावर येतं. यातला आंबे बहर म्हणजे आंब्याला मोहोर येतो त्या सुमाराचा बहर. बघा, बहराला नाव देतानाही मोहोराचाच हंगाम लागला. पुरंदरच्या अंजिराचे दोन बहर, खट्टा आणि मीठा, आणि अंजिराचं फूल तर फळाच्या आत दडलेलं, बाहेरून दिसतच नाही. उंबर त्याचाच भाऊबंद, म्हणून तर कधी न दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. फूल न दिसताही बहर असतो, याचा अर्थ बहर हा हंगामाचा शब्द आहे.

म्हणून ‘बहावा बहरला’ चूक ठरतं का? तेही नाही. उलट एका अर्थानं फार नेमकं आहे: बागाईतदार डाळिंबाला मुद्दाम देतो तो ताण बहाव्याला पुण्याचा मार्च-एप्रिल फुकट देतो. तेव्हा काकांनी ‘बहरला’ खुशाल लिहावं. फक्त दुसऱ्याचं खोडू नये.

बाकीची क्रियापदं झटपट. ‘फुलला’ कुठेही चालतं, वरणभातासारखं. ‘उमलला’ बहाव्याला नको, ते एकट्या फुलाचं. ‘डवरला’ सुंदर आहे आणि हल्ली कमी ऐकू येतं, वापरा. ‘लगडला’ मात्र फळांसाठी राखून ठेवलेलं बरं. फुलांनी लगडलेलं झाड छापलेलं मी बघतो आणि पुढचा परिच्छेद सोडून देतो.

पण या सगळ्यांत ‘मोहरला’मध्ये एक गोष्ट आहे जी ‘बहरला’त नाही, आणि आजींचं वाक्य तिच्यावरच उभं आहे. मोहोर बघणाऱ्याचं लक्ष मोहोरावर नसतं, पुढे असतं. माझी आई रत्नागिरीची. जानेवारी लागला की मामाला फोनवर तिचा पहिला प्रश्न, ‘मोहोर कसा आहे?’ तब्येत नंतर. मामाही त्याच गंभीरपणे सांगायचा: ढगाळ आहे, तुडतुडे पडलेत, भुरी दिसते, किंवा ‘यंदा बरा धरलाय’. एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं असतात, त्यातून हाती लागणार चार-दोन कैऱ्या, आणि तेवढ्यासाठी घरदार आभाळाकडे बघत बसणार. आई गेल्यापासून तो फोन मी करतो. आंब्यातलं मला काही कळत नाही, पण प्रश्न तोच विचारतो, कारण आधी तब्येत विचारली तर मामाला काहीतरी विपरीत घडल्याची शंका येते.

आजींच्या वाक्याचा शेवट पाहा: ‘आता पोरं येतील.’ बहाव्याच्या शेंगांची त्यांना काडीची पडलेली नव्हती. झाड पिवळं झालं म्हणजे शाळांना सुट्टी लागणार, एसटी पौडच्या रस्त्यानं वर येणार. मोहोराच्या मागून फळ येतं, तशी इथे मागून नातवंडं येणार होती. ‘बहावा बहरला, आता पोरं येतील’ म्हणून बघा. व्याकरण बिनचूक, पण दोन तुकडे एकमेकांना धरून राहत नाहीत. काकांच्या दुरुस्तीत नेमकं हेच निसटलं.

आता कोकिळा. पक्षिशास्त्रात काका शंभर टक्के बरोबर. कुहूकुहू करतो तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, तिचा आवाज ‘किक् किक्’ असा तुटक आणि वैतागल्यासारखा. अंडी कावळ्याच्या घरट्यात घालून मोकळी होते, गाण्याबिण्यात नसते. पण मराठीत पक्ष्याच्या जातीचं नाव कोणत्या लिंगाचं असावं हे पक्ष्याला विचारून ठरत नाही. वळचणीला आलेल्या चिमण्यांत निम्मे चिमणे असतात, तरी आपण ‘चिमण्या आल्या’ म्हणतो. घार सगळीच ‘ती’, घुबड सगळंच ‘ते’. तशी कोकिळा हे त्या पक्ष्याचं बोलीतलं नाव आहे, स्त्रीलिंगी. लता मंगेशकरांना आपण गानकोकिळा म्हणतो. काकांचा नियम लावायचा तर ती पदवीच रद्द करावी लागेल, आणि ते धाडस निदान पुण्यात तरी कोणी करू नये. पक्षिनिरीक्षणाच्या वहीत ‘कोकीळ, नर’ असंच लिहा. आजीच्या वाक्यात कोकिळा राहू द्या.

‘बोलायला लागली’ याला तर माझ्याकडून जास्तीचे गुण. गाणं हे ऐकणाऱ्याच्या कौतुकासाठी. बोलणं म्हणजे काहीतरी सांगणं. शेतकरी माणसाच्या मराठीत पक्षी सांगतातच. पावशा ‘पेरते व्हा’ सांगतो. कौलावर कावळा बोलला की पाहुणा येणार. रात्री टिटवी बोलली की म्हातारी माणसं गप्प होतात. उन्हाळ्यात वडा-उंबरावर बसून टुक्-टुक् करणाऱ्या तांबटाला मात्र ‘बोलतो’ म्हणत नाहीत; तो ठोकतो. कसब्यातल्या तांबट आळीत भांड्यांवर हातोडी पडताना ज्यानं ऐकली आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आजींची कोकिळा बोलली, आणि काय बोलली तेही वाक्यात पुढे आहेच.

एक किरकोळ दुरुस्ती उरते, ती तुमच्या मजकुरातली, आजींच्या बोलण्यातली नव्हे. तुम्ही ‘मोहोरला’ लिहिलंय. नाम ‘मोहोर’ किंवा ‘मोहर’ कसंही लिहा, दोन्ही रूढ आहेत, तांदळाच्या पिशव्यांवरही दोन्ही दिसतात. क्रियापद मात्र ‘मोहरणे’, म्हणून ‘मोहरला’. आणि काकांनी पुढे सोन्याच्या मोहोरेचा विषय काढलाच, तर ती वेगळी: ती मोहोर नाण्याची, तो मोहोर झाडाचा.