प्रार्थनेत तू कोणाशी बोलतोस?

प्रिय बंधू,

प्रभूच्या नावात सलाम.

त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र येशू आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव, हे समजावून सांगता येत नाही, म्हणून तू अस्वस्थ आहेस. मित्रांनी "तुमचे देव तीन की एक?" असं विचारलं की तू पाणी, बर्फ आणि वाफ पुढे करतोस. ते उदाहरण सोडून दे. एकच पाणी कधी बर्फ होतं, कधी वाफ होतं. तसाच एकच देव कधी पिता होतो, कधी पुत्र, असा त्याचा अर्थ होतो. मग यार्देन नदीवर काय घडलं? बायबलमध्ये लूक 3:21-22 वाच. पुत्र बाप्तिस्मा घेऊन प्रार्थना करतो आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि पित्याची वाणी ऐकू येते आहे, सगळं एकाच वेळी. बेलाचं पान दाखवलंस तर उलट्या बाजूला घसरशील. तिथे प्रत्येक दल पानाचा तिसरा हिस्सा असतं. पुत्र हा देवाचा तिसरा हिस्सा नाही, तो पूर्ण देव आहे.

कोणी ब्रह्मा-विष्णू-महेशाचं किंवा दत्ताचं नाव काढलं, तर त्याच्या श्रद्धेला कमी लेखू नकोस; फरक तेवढा सांग. उत्पत्ती एकाकडे, पालन दुसऱ्याकडे, संहार तिसऱ्याकडे अशी वाटणी त्रैक्यात नाही. निर्मिती, तारण, पवित्रीकरण हे प्रत्येक काम तिघांचं मिळून एकच काम असतं. एवढं सांगून थांबलास तरी चालेल.

मला तुझ्या उत्तरांपेक्षा तुझ्या प्रार्थनेची जास्त काळजी आहे. मंडळी, म्हणजे चर्च, त्रैक्याच्या विश्वासात वाढली ती उपासना करता करता. मत्तय 28:19 मध्ये पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे तिघे आहेत, पण 'नावाने' हा शब्द एकवचनी आहे, आणि त्याच नावाने बाप्तिस्मा दिला जात होता. 325 साली निकाया इथल्या परिषदेने पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे असं ठरवलं. पुढे 374च्या सुमाराला कैसरियाचा बिशप बासिल याच्यावर आक्षेप आला की तो गौरवस्तुतीत "पुत्राद्वारे, आत्म्यामध्ये" याबरोबरच "पुत्रासह, आत्म्यासह" असंही म्हणतो. त्या छोट्या शब्दांचं समर्थन करायला त्याने अख्खा ग्रंथ लिहिला. 381च्या मतांगीकारातही, म्हणजे मंडळीने ठरवलेल्या विश्वासाच्या कबुलीतही, पवित्र आत्म्याविषयी हेच येतं, की पिता व पुत्र यांच्याबरोबर त्याची आराधना होते. म्हणून प्रार्थनेत कोणता शब्द कुठे येतो, याकडे लक्ष देणं म्हणजे शब्दांचा कीस काढणं नाही.

प्रार्थनेची नेहमीची दिशा इफिस 2:18 मध्ये आहे: पुत्राद्वारे, आत्म्यामध्ये, पित्याकडे. सकाळची दहा मिनिटं घे. सुरुवातीला एक मिनिट गप्प बस आणि "पवित्र आत्म्या, मला प्रार्थना करायला शिकव" एवढंच म्हण. मग पाच मिनिटं इफिस 1:3-14 मधला एक भाग वाच. मूळ ग्रीक भाषेत हा सगळा उतारा एकच लांबलचक वाक्य आहे. 3 ते 6 मध्ये पित्याची निवड आहे, 7 ते 12 मध्ये पुत्राच्या रक्ताने मिळालेली मुक्ती, 13 व 14 मध्ये आत्म्याचा शिक्का. रोज एकच भाग घे, तीन दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. उरलेल्या चार मिनिटांत जे वाचलंस त्याबद्दल पित्याशी बोल आणि येशूच्या नावाने संपव. महिनाभर उतारा बदलू नकोस. रोज नवा उतारा घेतला की डोकं माहिती गोळा करत राहतं आणि प्रार्थना बाजूला पडते.

आता सभेतल्या प्रार्थनेची चूक. "हे स्वर्गीय पित्या, तू आमच्यासाठी वधस्तंभावर मरण पावलास" असं वाक्य किती सहज तोंडातून जातं! वधस्तंभावर पुत्र मेला, पित्याने त्याला दिलं. या गोंधळाविरुद्ध टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच कळकळीने लिहिलं होतं. ही चूक बहुतेकदा अज्ञानाने होत नाही. सुरुवात पित्याला उद्देशून होते, मध्येच "प्रभू" हा शब्द येतो, मन येशूकडे वळतं आणि संबोधन मात्र जुनंच राहतं. यावर उपाय साधा आहे. पहिलं वाक्य कागदावर लिहून ने, ज्याला हाक मारलीस त्याच्याशीच शेवटपर्यंत बोल आणि आभार त्याच्याच कामाचे मान. पुत्राला पाठवल्याबद्दल पित्याचे, जीव दिल्याबद्दल पुत्राचे, आपल्या अंतःकरणात देवाची प्रीती ओतल्याबद्दल आत्म्याचे (रोम 5:5). येशूला थेट हाक मारण्यात गैर काही नाही; पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याने मरताना तेच केलं. मग शेवटी "येशूच्या नावाने" ऐवजी "तुझ्या नावाने" म्हण. आणि कोणाची अशी चूक झाली तर सभेत टोकू नकोस. देवाला त्याचं मन कळलेलं असतं.

एक आठवडा वहीत तीन रकाने आख आणि रोज रात्री खूण कर की आज कोणाशी बोललास. एकच रकाना भरत असेल तर तिथे काहीतरी अडलं आहे. फक्त पिताच असेल तर देव पुष्कळदा दूरचा, हिशेब मागणारा वाटू लागतो. फक्त येशू असेल तर जवळीक राहते, पण तो स्वतः कोणाकडे प्रार्थना करत होता, ते नजरेआड होतं. फक्त आत्मा असेल तर विश्वास वातावरणावर टेकतो: गायन रंगलं की देव हजर, पेटी-ढोलकी थांबली की गैरहजर. मराठीत आत्मा म्हटलं की आपला जीव किंवा भूत आठवतं, म्हणून पवित्र आत्म्यालाही विजेसारखी शक्ती मानायची सवय लागते. योहान 14:16 मधला 'कैवारी' हा शब्द वापरून बघ. कैवारी म्हटलं की कोणीतरी आपल्या बाजूने उभा आहे, हे लगेच कळतं.

पित्याचा रकाना रिकामा राहण्याचं एक कारण नाजूक आहे. ज्याच्या घरी वडिलांचा मार, दारू किंवा अबोला होता, त्याच्या तोंडून 'पित्या' निघत नाही. तसं तुझं असेल तर स्वतःवर जबरदस्ती करू नकोस. आपल्या वडिलांवरून देवाचा अंदाज बांधायचा नसतो. येशूकडे बघून बांधायचा असतो (योहान 14:9). काही महिने "येशूच्या पित्या" अशी हाक मार. आणि घरातला त्रास अजून चालू असेल, तर आधी विश्वासाच्या माणसाशी बोल आणि सुरक्षित हो. निव्वळ प्रार्थनेवर ते ढकलू नकोस.

शब्दच सुचत नाहीत असेही दिवस येतील. रोम 8 मध्ये 26व्या वचनात आत्मा आपल्यासाठी विनंती करतो आणि 34व्यात ख्रिस्त. तुझ्याआधीच ते बोलणं चालू आहे. तू नुसता बसलास तरी तू त्यात आहेस.

घरात आणि कामात हे कसं उतरतं? योहान 16:14 आणि 17:1-5 एकत्र वाच. आत्मा पुत्राचं गौरव करतो, पुत्र पित्याचं, आणि पिता पुत्राचं. आठवड्यातून एक काम असं कर, ज्यात तुझ्याऐवजी दुसऱ्याचं नाव पुढे येईल. नाताळच्या कार्यक्रमात खुर्च्या लावणाऱ्याचं नाव तू व्यासपीठावरून घे. घरी स्वयंपाक कोणी केला ते जेवणाच्या प्रार्थनेत बोलून दाखव. मात्र यावरून घरात कोण मोठं, कोण लहान, असले निष्कर्ष काढू नकोस. पिता, पुत्र आणि आत्मा यांचं एकत्व आपल्या नात्यांवर मोजपट्टीसारखं ठेवता येत नाही. एकाला दाबायला त्याचा आधार घेणारे कमी नाहीत, त्यांच्यापासून सावध राहा.

पुढच्या बुधवारी कॉटेज मिटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, प्रार्थना चालवायची पाळी तुझी आहे. तीन ओळी लिहून ने: कोणाला हाक, कशाबद्दल आभार, काय मागणं. आदल्या रात्री एकदा मोठ्याने वाच आणि 'तू' म्हटलेला प्रत्येक ठिकाणी एकच आहे ना, ते तपास.

प्रभूमध्ये तुझा,
वडील बंधू