स्लॅब कापण्यापूर्वी आत काय आहे ते शोधून घ्या

प्रश्न : सांगलीत नदीपासून जवळच आमचे सुमारे तीस वर्षांपूर्वी बांधलेले दुमजली घर आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात तळमजल्यात पाणी शिरले. जिना बाहेरून असल्यामुळे धान्य, कागदपत्रे आणि अंथरुणाला खिळलेल्या आईला वर नेताना फार हाल झाले. म्हणून आतून जिना काढण्यासाठी स्लॅबमध्ये सुमारे तीन बाय आठ फुटांची मोकळी जागा करायची आहे. ठेकेदार म्हणतात, खडूने आखून कॉन्क्रीट फोडणारा ब्रेकर लावू. आमच्याकडे जुना नकाशा नाही. सळया आणि वायरी आधी शोधता येतात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : येतात, आणि त्या शोधल्याशिवाय ब्रेकर लावू देऊ नये. मात्र सळई कोठे आहे हे कळणे वेगळे आणि ती कापल्यावर उरलेला स्लॅब टिकेल की नाही हे कळणे वेगळे. एवढी मोठी जागा करताना भार वाहणाऱ्या सळयाच तुटणार आहेत. त्यामुळे कडेने नवे बीम घ्यावे लागतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच गणित करून ठरवायचे आहे. त्या गणितालाही सळयांची जाडी, अंतर आणि दिशा लागेल.

सळया शोधण्यासाठी कव्हर मीटर वापरतात. हे यंत्र विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने पोलाद ओळखते. प्लॅस्टिकचा पाइप त्याला दिसत नाही. आपल्या भागातील खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची, असते आणि त्यात चुंबकीय खनिजाचे कण असतात, त्यामुळे यंत्राने दाखवलेली खोली थोडी चुकू शकते. म्हणून एका ठिकाणी हलक्या हाताने कॉन्क्रीट टोकरून सळई उघडी करावी, खरी खोली मोजावी आणि मगच बाकीच्या नोंदी ग्राह्य धराव्यात. एवढी एक पडताळणी केली नाही, तर उरलेली सारी आखणी अंदाजावरच राहते.

वायरींचा शोध अधिक अवघड आहे. ओतकामापूर्वी सळयांच्या खालच्या जाळीवर कन्ड्यूट पाइप, म्हणजे वायरी ओढण्याचे पाइप, टाकलेले असतात आणि ते फॅनच्या बॉक्सपासून भिंतीपर्यंत सरळच जातील असे नाही. पुष्कळदा ते तिरपे किंवा वळसा घेऊन गेलेले असतात. येथे कॉन्क्रीटमध्ये रेडिओ लहरी सोडणारे रडार उपयोगी पडते, कारण त्याच्या लहरी सळईवरून परत येतात तशाच पोकळ पाइपवरूनही, काहीशा क्षीण का होईना, परत येतात. छतावर चौकटी आखून रडार आडवे आणि उभे, दोन्ही दिशांनी फिरवून घ्यावे. दाट जाळीच्या आड असलेली वस्तू त्यालाही नीट दिसत नाही आणि ओल्या कॉन्क्रीटमध्ये त्याची पोच कमी होते. म्हणून वर न्हाणीघर असेल किंवा गळती असेल, तर त्या भागाचे निष्कर्ष जपून घ्यावेत.

सुरू वायर ओळखणाऱ्या उपकरणाने तपासताना पंखे आणि दिवे चालू ठेवावेत, कारण प्रवाह नसलेली वायर त्याला सापडत नाही. जाणारी आणि परतणारी वायर एकाच पाइपमध्ये असल्यास खूण फार क्षीण येते, तेव्हा वायरमनकडून बंद वायरीत वेगळा सिग्नल सोडून तिचा माग काढून घेणे अधिक खात्रीचे. कापण्याच्या वेळी मात्र मेन स्विच बंदच हवा. इन्व्हर्टर किंवा सौर यंत्रणा असल्यास तीही वेगळी बंद करावी. मेन स्विच पाडल्यावर इन्व्हर्टरच्या वायरी सुरूच राहतात, आणि नेमके हेच घाईत विसरले जाते.

आपल्या घरात ताण देऊन बसवलेल्या पोलादी केबलचा स्लॅब असण्याची शक्यता नगण्य आहे. पण मोठे सभागृह किंवा व्यापारी इमारत असलेल्या वाचकांनी हे आधी विचारून घ्यावे, कारण अशा एकेका केबलवर कित्येक टनांचा ताण असतो आणि ती तुटल्यास जवळचा माणूस जीवानिशी जाऊ शकतो.

सापडलेली प्रत्येक सळई आणि पाइप छताच्या खालच्या बाजूस वेगवेगळ्या रंगांत आखून, खोली लिहून, छायाचित्रे काढून घ्यावीत. चारही कोपऱ्यांत आरपार छोटी छिद्रे पाडून तीच चौकट वर उतरवावी. इंजिनिअरने सांगितलेले टेके लागल्यानंतरच काम सुरू करावे. ब्रेकरऐवजी पात्यावर पाणी सोडत चालणाऱ्या कटरने कापल्यास उरणाऱ्या स्लॅबला हादरे कमी बसतात आणि सिलिकाची घातक धूळही कमी उडते; मात्र घराचा मेन स्विच बंद असल्याने त्या यंत्राचा वीजपुरवठा वेगळा आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतूनच, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधूनच, घ्यावा. आखणीत नसलेली सळई, पाइप किंवा ओल मध्येच दिसली, तर काम तेथेच थांबवून इंजिनिअरना बोलवावे, आणि ही अट ठेकेदाराशी ठरवताना लेखी घालून घ्यावी.