दूध पुरत नाही असं वाटतंय?

अगं, तिसऱ्या दिवशी मीही रडत बसले होते. दूध येत नाही, बाळ उपाशी राहतंय, असंच वाटायचं. पण सुरुवातीला येतो तो पिवळसर घट्ट चीक. थोडाच असतो, बाळाचं पोटही एवढंसंच असतं. तो पिळून टाकून देऊ नकोस, कोणीही काहीही म्हणो.

पाजताना दुखत असेल, तर आधी पकड बघ. नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. त्याचं पोट तुझ्या पोटाला टेकलेलं हवं. माझी भेगांची तक्रार पाठीमागे एक उशी घेतल्यावर गेली! मी आधी पुढे वाकून पाजायचे ना.

दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. घड्याळ बघू नकोस, लंगोट मोज. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान ६ ओले झाले आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. सहा महिने वरचं पाणी, मध, घुटी काही नाही, अगदी मे महिन्यातही.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर खा, तुझ्या अंगाला हवेतच. पण दूध वाढतं ते बाळाने वारंवार ओढल्याने. (हे माझ्या सासूबाईंना पटायला महिना लागला.)

स्तन लाल, गरम होऊन ताप आला तर अंगावर काढू नकोस, डॉक्टरांकडे जा. पाजणं मात्र थांबवू नकोस.