रेटिंग खोलीचं, आपल्या हारजितीचं नव्हे

प्रिय मित्रा,

एस्केप रूमचे, म्हणजे ठरलेल्या वेळात कोडी सोडवून बंद खोलीतून सुटायच्या खेळाचे, रिव्ह्यू लिहायला घेतो आहेस, तर खेळून बाहेर आल्यावर निदान तासभर स्टार देऊ नकोस. ६० मिनिटं संपली आणि दार उघडलं नाही की खोली बेकार वाटते. दोन मिनिटं राखून सुटलात तर तीच खोली जबरदस्त. खेळांचे अभ्यासक स्कॉट निकोल्सन यांनी २०१५ साली जगभरातल्या १७५ ठिकाणांची पाहणी केली, तेव्हा सुटणाऱ्या संघांचं सरासरी प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे न सुटणं हा खोलीविरुद्धचा पुरावाच नाही.

टिपणं मात्र लगेच काढ. किती जण होतात, त्यांतले पहिल्यांदाच खेळणारे किती, किती हिंट घेतल्या, सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला. हे रिव्ह्यूतही सांग. एकामागून एक सुटणाऱ्या कोड्यांच्या खोलीत सहा जण शिरले तर चार जण नुसते बघत उभे राहतात, आणि मग ‘कंटाळा आला’ असं लिहून मोकळे होतात. तीच खोली तिघांना उत्तम जाते. जाहिरातीत ‘२ ते ८’ लिहिलेलं असतं. खरोखर कितींनी जावं, हे वाचणाऱ्याला तुझ्याकडून कळायला हवं.

आता अडकण्याबद्दल, कारण न्याय-अन्याय इथेच होतो. खेळ संपल्यावर गेम मास्टरला, म्हणजे बाहेरून खेळावर लक्ष ठेवून हिंट देणाऱ्याला, विचार, ‘इथे आम्हाला काय दिसायला हवं होतं?’ सूत्र समोर होतं आणि तुम्ही पाहिलं नाही, तर दोष खोलीचा नाही. सूत्र होतं, आकडाही निघाला, पण एकसारख्या चार कुलपांपैकी तो कोणत्या कुलपाचा हे कशावरूनच कळत नव्हतं, तर ती मांडणीतली चूक, गुण काप. बाहेरचं ज्ञान लागत असेल तर तेही लिही. पुण्या-मुंबईतल्या खोलीत कोडी इंग्रजी शब्दखेळावर बेतलेली असतील, तर मराठी माध्यमातली मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर नेणाऱ्याला हे आधी समजलं पाहिजे.

तिसरा प्रकार बिघाडाचा. आकडा बरोबर लावूनही चुंबकी कुलूप सुटत नाही, यूव्ही टॉर्चची बॅटरी उतरलेली असते, आधीच्या संघानंतर रीसेट अर्धवट राहिलेला असतो. असं एखाद्या वेळी कुठेही घडतं. गेम मास्टरने किती लवकर ओळखलं आणि वाया गेलेली मिनिटं परत दिली का, यावर गुण दे. झिजलेल्या वस्तू मात्र सरळ दुर्लक्ष दाखवतात. चार आकडी कोडच्या कीपॅडवरची चारच बटणं घासलेली असतील तर १०,००० ऐवजी २४ शक्यता उरतात, आणि कोडं न सोडवताच दार उघडतं.

सुरक्षिततेचे गुण सरासरीत मिसळू नकोस. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधल्या कोशालिन शहरात एस्केप रूमच्या प्रतीक्षाकक्षात आग लागली आणि आत खेळणाऱ्या पंधरा वर्षांच्या पाच मुलींना बाहेर पडता आलं नाही. खेळ सुरू होण्याआधी विचार: वीज गेली तर दार आपोआप सुटतं का? आतून दार उघडायचं बटण कुठे आहे? कॅमेऱ्यावर सतत कुणी असतं का? नीट उत्तर मिळालं नाही तर खेळू नकोस, आणि तेवढंच लिही. सेट कितीही देखणा असो, ही उणीव त्याने भरून निघत नाही.

पहिल्या चार-पाच खोल्यांना स्टारच देऊ नकोस, नुसतं वर्णन लिही. पहिली खोली प्रत्येकालाच पाच स्टारची वाटते, नवलाई असते. मग तीन स्टार म्हणजे काय ते ठरव. माझ्या मते, ‘कबूल केलेलं नीट देणारी, त्या विषयाची आवड असलेल्यांनी जावी अशी खोली’. काउंटरवर पाच स्टारच्या बदल्यात सवलत देऊ केली तर नको म्हण. फुकट खेळायला बोलावलं असेल तर पहिल्याच ओळीत तसं सांग.

उत्तरं फोडू नकोस. ‘घड्याळाचे काटे उलटे फिरवावे लागतात’ असं लिहिलंस की एका अनोळखी संघाचा आनंद गेला. ‘मधल्या टप्प्यातलं एक यांत्रिक कोडं बरोबर उत्तरालाही दाद देत नव्हतं’ एवढ्यावर तक्रार पूर्ण होते. खोल्या किती हेही कधी कधी गुपित असतं, तेव्हा तेही मोजून सांगू नकोस.

मालकाने ‘दुरुस्त केलं’ असं कळवलं तर जुना मजकूर पुसू नकोस. खाली तारीख घालून त्यांचं म्हणणं जोड. पण स्वतः परत खेळून गुण बदलू नकोस, उत्तरं माहीत असलेल्याला ती खोली पुन्हा मापता येत नाही. तिथे न खेळलेल्या कुणालातरी पाठव आणि त्याचा अनुभव त्याच्याच शब्दांत जोड.

तुझा,
एक जुना खेळाडू